बॅकअप आपला, किल्ली परक्याची

नाशिक (प्रतिनिधी) : ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीला नियमित सुरक्षा दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. ‘ऑफिस २०१६’ आणि ‘ऑफिस २०१९’ यांची मुदतही त्याच दिवशी संपली. ‘विंडोज ११’ चालण्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणतः २०१७-१८ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारा संगणक केवळ या अटींत बसत नाही म्हणून बदलण्याची वेळ देशभरातील लहान कार्यालयांवर आली. सनदी लेखापालांची कार्यालये, छापखाने आणि सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योग यांच्या नाशिकला त्यातून सूट मिळण्याचे काहीच कारण नाही.

नवा संगणक घेणे हा खर्चाचा प्रश्न आहे. तो एकदा सोसला की मिटतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. जुन्या यंत्रातील सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन नव्या यंत्रात उतरवायला काही तास पुरतात. त्या फायली उघडणारे सॉफ्टवेअर मात्र तसे उतरत नाही. रोख पैसे मोजून घेतलेले, पावती जपून ठेवलेले सॉफ्टवेअर ‘हा परवाना दुसऱ्या संगणकावर वापरात आहे’ असे सांगून अडून बसते. माहिती शाबूत असते, तिची प्रत शाबूत असते, पण ती वाचण्याची परवानगी जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेलेली असते. बॅकअप घ्या, बॅकअप घ्या, असे ग्राहकाला वर्षानुवर्षे सांगितले गेले. बॅकअपबरोबर परवानाही नव्या यंत्रावर येतो की नाही, हे मात्र त्याला फारसे कोणी सांगितले नाही.

या प्रश्नाची लांबी-रुंदी मोजायला नाशिककरांजवळ एक आयते परिमाण आहे, ते म्हणजे सिंहस्थ. २००३ च्या सिंहस्थाच्या वेळी ‘विंडोज एक्सपी’ बाजारात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती आणि मराठी छपाईची मदार ‘पेजमेकर’वर होती. २०१५ च्या सिंहस्थाचे ध्वजारोहण १४ जुलै रोजी झाले आणि बरोबर पंधरा दिवसांनी, २९ जुलैला, ‘विंडोज १०’ दाखल झाली. ‘एक्सपी’ तोवर, एप्रिल २०१४ मध्येच, निवृत्त झालेली होती. पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ठरले आहे आणि ‘विंडोज १०’ची नियमित मुदत त्याच्या वर्षभर आधीच संपली. गुरू पुन्हा सिंह राशीत येईपर्यंत एक अख्खी संगणकप्रणाली जन्माला येऊन निवृत्त होते, असा हा हिशेब आहे. हिशेबाच्या वह्या, यंत्राच्या सुट्या भागांची रेखाटने, पुस्तकांची जुळणी मात्र बारा वर्षांत निवृत्त होत नाहीत.

यंत्राशी बांधलेला परवाना

एक काळ असा होता, की सॉफ्टवेअरच्या खोक्यावर छापलेला अनुक्रमांक टाकला की काम भागत असे. २००१ मध्ये आलेल्या ‘एक्सपी’ने ‘ॲक्टिव्हेशन’ची पद्धत घराघरांत रुजवली. यात सॉफ्टवेअर प्रोसेसर, हार्ड डिस्क, मेमरी, नेटवर्क कार्ड अशा दहा-एक भागांवरून त्या यंत्राची एक ओळख तयार करते आणि ती कंपनीच्या सर्व्हरकडे नोंदवते. यातले पुरेसे भाग बदलले, की ओळख पटत नाही आणि परवाना नव्याने सिद्ध करावा लागतो. तपशील पुढे बदलत गेले, तत्त्व तेच राहिले.

त्यामुळे हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत, जिला या व्यवसायात ‘इमेज’ म्हणतात, ती काढून ठेवणारा सावध ग्राहकही अडचणीत येतो. ती प्रत त्याच यंत्रावर परत चढवली तर सर्व काही पूर्ववत होते. यंत्र बदलले, तर तीच प्रत विनापरवाना ठरते. वास्तविक बॅकअप हा यंत्र जळाले, चोरीला गेले, पुरात बुडाले तर उपयोगी पडावा म्हणून घ्यायचा. त्याच प्रसंगी तो अपुरा ठरावा, ही गोष्ट विचित्र खरी.

इथे परवान्याचा प्रकार निर्णायक ठरतो आणि बहुतेक खरेदीदारांना तो दुकानात विचारावा हेही ठाऊक नसते. संगणकाबरोबर आधीच बसवून मिळणारी ‘विंडोज’ ही ‘ओईएम’ परवान्याची असते. ती त्या यंत्राच्या मदरबोर्डशी जन्माची गाठ घेऊन येते आणि मदरबोर्डबरोबरच संपते. सुट्या खोक्यात किंवा अधिकृतरीत्या ऑनलाइन घेतलेला ‘रिटेल’ परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. किमतीत फरक असतो, म्हणून लहान कार्यालये स्वाभाविकपणे पहिला पर्याय घेतात. या फरकाचा अर्थ चार-पाच वर्षांनी, यंत्र बंद पडते त्या दिवशी कळतो.

या अटी तंत्रज्ञानाची अपरिहार्यता म्हणून सांगितल्या जातात. तसे नाही, याचा पुरावा मायक्रोसॉफ्टच्याच इतिहासात आहे. २०१३ च्या सुरुवातीला ‘ऑफिस २०१३’ आले तेव्हा त्याच्या किरकोळ विक्रीच्या परवान्यातही तो एकाच संगणकाला कायमचा बांधण्याची अट होती. संगणक बिघडला, की ऑफिस पुन्हा विकत घ्या. जगभरातील ग्राहकांनी ओरड केली आणि काही आठवड्यांत, मार्च २०१३ मध्ये, कंपनीने ही अट मागे घेतली. परवाना दुसऱ्या संगणकावर नेता येईल, पण ९० दिवसांतून एकदाच, अशी नवी अट आली. सॉफ्टवेअरचा एक अक्षरही कोड त्यासाठी नव्याने शोधावा लागला नाही. बदलला तो करारनाम्यातील परिच्छेद.

लेखापालाच्या टेबलावर

नाशिकच्या कोणत्याही व्यापारी पेठेत हिशेब म्हटला की ‘टॅली’ हेच नाव पुढे येते. बेंगळुरूच्या या कंपनीने १९८६ पासून भारतीय व्यापाऱ्याच्या वहीखात्याची जागा जवळपास घेतली आहे. ‘टॅली’चा परवाना कायमस्वरूपी असतो आणि तो नव्या यंत्रावर नेता येतो. मात्र आधी जुन्या यंत्रावर तो ‘सरेंडर’ म्हणजे परत करावा लागतो, त्यासाठी इंटरनेट आणि परवाना ज्या खात्यावर नोंदवला आहे त्याचा तपशील लागतो, आणि मग नव्या यंत्रावर तो सुरू करता येतो. सुरू करण्यासाठीची किल्ली खातेप्रमुखाच्या ईमेलवर येते.

कागदावर ही पद्धत सोपी आणि न्याय्य आहे. अडते ते माणसांच्या सवयींमुळे. परवाना घेताना ईमेल कोणाचा दिला, हे मालकाला आठवत नाही. कधी तो तेव्हाच्या हिशेबनिसाचा असतो आणि हिशेबनीस नोकरी सोडून गेलेला असतो. कधी सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यानेच आपला ईमेल टाकलेला असतो. जुना संगणक तर एक्स्चेंजमध्ये देऊन झालेला असतो. यंत्रच उरले नाही, तर कंपनीकडे दाद मागून परवाना मोकळा करून घेता येतो, पण मालकी सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकाची. ती होईपर्यंत सॉफ्टवेअर ‘शैक्षणिक’ स्वरूपात चालते आणि त्या स्वरूपात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी करता येतात. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यात हा तीन तारखांचा महिना किती लांब वाटतो, हे व्यापाऱ्यालाच विचारावे.

दुसरी गुंतागुंत आवृत्त्यांची. नव्या आवृत्तीत रूपांतरित केलेली खाती जुन्या आवृत्तीत परत उघडत नाहीत. वार्षिक सेवाशुल्क थकले असेल तर नवी आवृत्ती वापरता येत नाही. शाखेने किंवा सल्लागाराने पाठवलेला बॅकअप नव्या आवृत्तीचा आणि कार्यालयातील परवाना जुन्या आवृत्तीपुरता, अशी जोडी जमली, की बॅकअप निर्दोष असूनही हातात काही लागत नाही.

या ठिकाणी कायदा आणि करारनामा यांच्यातील विसंगती लख्ख दिसते. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. जीएसटी कायद्यात ही मुदत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आहे. कंपन्यांच्या हिशेबांविषयीच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रॉनिक हिशेब भारतात ‘सर्व काळ’ पाहता आले पाहिजेत, त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज घेतला पाहिजे, असे बंधन आले. १ एप्रिल २०२३ पासून तर प्रत्येक नोंदीतील फेरफाराचा माग, म्हणजे कोणी कधी काय बदलले, याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअरच कंपन्यांनी वापरणे सक्तीचे झाले. तो माग बंद करता येता कामा नये आणि जपलाही गेला पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ताळेबंद आणि खतावणी पीडीएफ करून ठेवता येतात, छापून फायलीत लावता येतात. फेरफाराचा माग मात्र सॉफ्टवेअरच्या पोटात असतो आणि तो त्याच सॉफ्टवेअरमधून जसाच्या तसा पाहता येतो. म्हणजे आठ वर्षे केवळ माहिती जपून भागणार नाही, ती उघडणारे, परवाना जिवंत असलेले सॉफ्टवेअरही जपावे लागेल. सरकारने ग्राहकावर बॅकअपची सक्ती केली. तो बॅकअप आठव्या वर्षी उघडेल याची कोणतीही सक्ती सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर केली नाही. चोपडी होती तेव्हा असा प्रश्न नव्हता. वाळवी लागली नाही, तर ती कोणीही उघडू शकत असे.

छापखान्यातील मराठी

लेखापालाची अडचण काही दिवसांत सुटते. छापखान्याची अडचण पंचवीस वर्षांची आहे आणि तिच्यात मराठी भाषाच अडकली आहे.

युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर संगणकावर एका युक्तीने उमटत असे. संगणकाला इंग्रजी अक्षरेच कळत. फॉन्ट बनवणाऱ्या कंपन्या त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ आणि पुण्याच्याच सी-डॅकची ‘आयएसएम’ ही या काळातील ठळक नावे. मराठी छपाईला संगणकावर आणण्याचे मोठे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. परिणामी एका फॉन्टमध्ये जुळवलेले पुस्तक तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसते. फाइल बिघडलेली नसते. वाचणाऱ्याकडे परवाना नसतो, एवढेच.

या सॉफ्टवेअरचा परवाना अनेकदा ‘डोंगल’ नावाच्या लहानशा कुलपात असे. सुरुवातीला ते प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावत, पुढे यूएसबीचे आले. पॅरलल पोर्ट संगणकांवरून नाहीसा झाला, यूएसबीच्या जुन्या डोंगलला नव्या ६४ बिट प्रणालीसाठी चालकप्रणाली मिळेना. डोंगल हरवले तर परवानाच हरवला. मराठी पुस्तकांच्या शेकडो सीडी कपाटात आणि त्या वाचू शकणारा एक जुना ‘एक्सपी’चा संगणक कोपऱ्यात आच्छादन घालून ठेवलेला, हे दृश्य महाराष्ट्रातल्या छापखान्यांना अपरिचित नाही. तो संगणक कोणी विकत नाही आणि इंटरनेटलाही जोडत नाही.

‘पेजमेकर’ची कथा याच कथेला जोडून येते. अडोबीने २००१ मध्ये ‘पेजमेकर ७’ आणले आणि २००४ मध्ये या सॉफ्टवेअरचा पुढील विकास थांबवला. जगातील छपाई त्याच कंपनीच्या ‘इनडिझाइन’कडे गेली. मराठी छपाई जाऊ शकली नाही, कारण ‘पेजमेकर’ला युनिकोड येत नव्हते आणि ‘इनडिझाइन’ला देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवता येत नव्हती. ती सोय २०१२ च्या ‘सीएस ६’ आवृत्तीत आली. आणि गंमत अशी, की ‘पेजमेकर’च्या फायली उघडू शकणारी ‘इनडिझाइन’ची शेवटची आवृत्तीही हीच ‘सीएस ६’. २०१३ पासून कंपनीने नव्या आवृत्त्या केवळ भाड्याच्या ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ पद्धतीनेच द्यायला सुरुवात केली आणि त्या आवृत्त्यांनी ‘पेजमेकर’ला दार बंद केले. ‘सीएस ६’ची विक्रीही जानेवारी २०१७ मध्ये थांबली. जुन्या मराठीकडून नव्या मराठीकडे नेणारा पूल होता तो एवढाच, आणि तो जेमतेम पाच वर्षे खुला होता.

याच मालिकेतील ‘सीएस २’ आणि ‘सीएस ३’ यांचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर कंपनीने बंद केले आहेत. मूळ सीडी, मूळ अनुक्रमांक आणि मूळ पावती हाती असली, तरी ती सॉफ्टवेअर आज नव्या संगणकावर पूर्वीसारखी सुरू करून घेता येत नाहीत. ‘कायमस्वरूपी’ परवाना म्हणजे सर्व्हर चालू असेपर्यंतचा परवाना, असा अर्थ त्यातून निघतो. ‘पेजमेकर ७’ला मात्र सर्व्हरची परवानगी लागतच नाही. अनुक्रमांक टाकला की झाले. जुने जाणते मुद्रक त्याला चिकटून राहिले यात आळसाचा भाग असेल, पण शहाणपणाचाही आहे.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत. त्यांनी मोठा भाग सुटतो, सगळा सुटत नाही. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टंकली जात असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर नोंदवली जाते. रफाराचे नेमके उलटे आहे. साधनाने हे फेरफार अचूक करावेत अशी अपेक्षा असते, पण जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली की ते चुकते आणि मग कुणीतरी पानापानाने मुद्रितशोधन करावेच लागते. कुसुमाग्रजांच्या गावात, जिथे वाचनालय १८४० मध्ये निघाले, तिथल्या प्रकाशकांना या कामाचे मोल सांगायला नको. रूपांतराच्या कामाला मनुष्यबळ लागते आणि जुन्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या अर्थकारणात ते बसत नाही. पुस्तक पुन्हा टंकायचे की विसरायचे, असा हिशेब होतो आणि तो बहुधा विसरण्याच्या बाजूने लागतो.

महिंद्र आणि बॉश यांच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या सातपूर-अंबडच्या लघुउद्योगांचे दुखणे थोडे वेगळे आहे. ऑटोडेस्कने २०१६ पासून ‘ऑटोकॅड’चे नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले आणि वार्षिक भाड्याची पद्धत आणली. यंत्रे चालवणाऱ्या व मोजमाप करणाऱ्या संगणकांवरील सॉफ्टवेअर तर यंत्राबरोबर येते आणि पुष्कळदा डोंगलने बांधलेले असते. पन्नास लाखांचे यंत्र ठणठणीत आणि त्याचा वीस हजारांचा संगणक जुना, तरी बदलायची धास्ती. रेखाटनांच्या फायली इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, हा त्यातला दिलासा.

कायद्याचा हक्क, साधनाविना

भारतीय कायद्याने ग्राहकाला इथे वाऱ्यावर सोडले आहे असे नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली. संगणक आज्ञावलीची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याने ती आज्ञावली ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी वापरण्याकरिता किंवा हानी, नाश, नुकसान यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून तिच्या प्रती केल्या, तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही. १९९९ मध्ये वैयक्तिक, बिगर-व्यापारी वापरासाठीच्या प्रतींनाही संरक्षण मिळाले. म्हणजे बॅकअप घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पण प्रत घेण्याचा हक्क असणे आणि ती प्रत चालू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९४ च्या कायदेकर्त्यांसमोर फ्लॉपी होती, दूरच्या सर्व्हरची परवानगी नव्हती. करारनाम्यातील अट या हक्काला छेद देऊ शकते की नाही, याविषयीही हे कलम काही बोलत नाही. युरोपीय संघाच्या निर्देशात मात्र आवश्यक बॅकअप घेण्यापासून कराराने रोखता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

मग ग्राहकाने विकत घेतले ते काय? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात ५ नोव्हेंबर २००४ रोजी, तयार पॅकेजमध्ये विकले जाणारे सॉफ्टवेअर ही विक्रीकराच्या दृष्टीने ‘वस्तू’ आहे, असा निर्वाळा दिला. २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, असे सॉफ्टवेअर घेणाऱ्याला कॉपीराइट मिळत नसून कॉपीराइट असलेल्या वस्तूची प्रत मिळते आणि त्याने मोजलेली रक्कम स्वामित्वधन नव्हे, असे म्हटले. दोन्ही निकाल करासंबंधीचे आहेत. त्यातून उभे राहणारे चित्र मोठे मजेशीर आहे. कर आकारायचा तेव्हा सॉफ्टवेअर वस्तू ठरते आणि ग्राहकाने ती वस्तू एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची म्हटली, की ती नुसती परवानगी ठरते.

कुलूप तोडून उघडणे हा मार्ग धोक्याचा आहे. २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ नुसार संरक्षक तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने निष्प्रभ करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कायद्याने मनाई नसलेल्या हेतूसाठी केलेले कृत्य त्यातून वगळले आहे, पण त्यालाही एक शेपूट आहे. दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, तपशील आणि हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. संगणक दुरुस्तीच्या किती दुकानांत अशी वही आहे, हा प्रश्न विचारायलाच नको.

युरोपात हा वाद बराच पुढे गेला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ‘यूज्डसॉफ्ट’ खटल्यात, कायमस्वरूपी परवाना विकला की विकणाऱ्याचा त्या प्रतीच्या पुनर्विक्रीवरील ताबा संपतो, असे ठरवले. पण १२ ऑक्टोबर २०१६ रोजी लाटव्हियातून आलेल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने या हक्काला मर्यादाही घातली. मूळ सीडी खराब झाली, हरवली तरी तिची बॅकअप प्रत दुसऱ्याला विकता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. बॅकअप स्वतःच्या वापरापुरता, व्यापारासाठी नाही, ही रेषा वाजवी आहे. भारतातही ती मानायला हरकत नसावी. प्रश्न त्या रेषेच्या अलीकडचा आहे, स्वतःच्याच वापराचा.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या त्यांच्याच संघटनेच्या २०१८ च्या पाहणीनुसार, २०१७ मध्ये भारतातील संगणकांवरील ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. एक परवाना घेऊन दहा यंत्रांवर चढवणारी कार्यालये होती आणि आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चोरीची प्रत वापरणाऱ्याला ॲक्टिव्हेशन, सरेंडर, डोंगल यांपैकी कशाचीच झळ लागत नाही. त्याच्या प्रतीतून ती कुलपे आधीच काढलेली असतात. झळ लागते ती पावती असणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच. भाड्याच्या पद्धतीने यंत्राची गाठ सुटली, कारण परवाना आता यंत्राऐवजी खात्याशी जोडलेला असतो. पण हप्ता थांबला की दार बंद होते, त्यामुळे आठ वर्षे हिशेब जपायचा असलेल्याला आठ वर्षे हप्ता भरत राहणे आले.

सरकारला यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे नवे कायदे न करता होऊ शकते. केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्येच ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले होते. सरकारी कार्यालयांची माहिती एखाद्या कंपनीच्या बंदिस्त स्वरूपात अडकू नये, हाच त्याचा गाभा. तीच अट हिशेबाच्या सॉफ्टवेअरला लावता येईल. फेरफाराचा माग सक्तीचा केला, तसाच तो खुल्या स्वरूपात बाहेर काढून देण्याची सोयही सक्तीची करावी. ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीने त्याआधी सर्व्हरविना चालणारी आवृत्ती परवानाधारकांना द्यावी, हे बंधन कलम ५२ च्या मूळ हेतूशी सुसंगतच ठरेल. अडोबीने २०१३ मध्ये ‘सीएस २’च्या ग्राहकांसाठी काही काळ तसे केलेही होते.

तोपर्यंत ग्राहकाच्या हातात आहे ते इतकेच. जुना संगणक देऊन टाकण्यापूर्वी किंवा फॉरमॅट करण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक सशुल्क सॉफ्टवेअरचा परवाना सरेंडर करावा, कारण ते काम चालू यंत्रावरच सहज होते. परवाने संस्थेच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवावेत, कर्मचाऱ्याच्या किंवा विक्रेत्याच्या नव्हे. खरेदी करताना परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो का, हे बिलावर लिहून मागावे. बॅकअप घेतला की तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, तोही वर्षातून एकदा तरी, एवढे केले तरी बरेचसे धक्के आधीच बसून जातील. आणि मराठी मजकूर यापुढे युनिकोडशिवाय कशातही साठवू नये.

‘विंडोज १०’ वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची जी मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. संस्थांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत ती घेता येते. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. ज्या कार्यालयांनी ही मुदतवाढ घेतली, त्यांचे जुने संगणक अजून चालू स्थितीत आहेत आणि परवाने मोकळे करून घेण्याचे काम त्यांच्यावर सिंहस्थाच्या ध्वजारोहणाआधी अठरा दिवस, घरगुती मुदत संपते त्या दिवसापर्यंत, निर्धोकपणे करता येईल.